काळी दोन, भाता उघडताना

रापेलांगनं तट्टावरून अकॉर्डियन उतरवलं,
घोंगडीत गुंडाळलेलं, आजारी कोकरासारखं,
आणि म्हणाला, वरच्या सप्तकातली काळी दोन.
भाता मिटताना शहाणी असते,
उघडताना उतरते.

मोखोत्लोंगच्या बाजारात, पॅराफिनच्या दुकानामागं
माझं पत्र्याचं खोपट. वारा आत येऊन बसतो
गिऱ्हाइकाआधी.
मी ऐकलं. दोन पत्त्या एका सुरात हव्यात,
तर त्यांच्यामध्ये लाटा उठत होत्या,
सेकंदाला तीन, कधी चार.

एका चौकटीला दोन पत्त्या असतात, पाठीला पाठ लावून
भांडलेल्या जावांसारख्या.
एक श्वास घेताना बोलते, एक सोडताना.
बिघडलेली होती आतली, पोटाकडची,
जिचं तोंड मला सरळ दिसत नाही.

लेबुसामामा शिकवून गेला होता, वेल्कमच्या खाणीतून
फुफ्फुसं आणि हत्यारांची पिशवी घेऊन परतल्यावर:
आधी चामड्याची पडदी बघ, वाकली का.
मग मेण. थंडीत मेण तडकतं, आवाज होत नाही.
मग गंज. मग रिव्हेटपाशी केसाएवढी चीर.
कानस सगळ्यात शेवटी, पोरा,
कानशीनं घेतलेलं परत देता येत नाही.

पडदी सरळ होती. मेण मऊ, मधाच्या वासाचं.
गंज नव्हता. चीर दिसली नाही.
अंधार पडत होता, सोलरचा दिवा मलूल,
रापेलांगला दोन डोंगर ओलांडून जायचं होतं,
शनिवारी पुतणीचं लग्न.
मी बारीक आकड्यानं पत्ती उचलली,
खाली पातं सरकवलं,
आणि टोकावरून कानस फिरवली. चार वेळा. मग दोन.
टोक हलकं झालं की सूर चढतो.
चढला. लाटा विरल्या.
मी स्वतःवर खूश झालो,
एवढंच ते.

वाजवून बघ, म्हटलं.
त्यानं भाता असा ओढला
की पत्र्यावरची धूळ खाली आली,
आणि मधल्या एका झटक्यात
काळी दोन उडून वर गेली,
किंचाळायला लागली.

पुन्हा उघडलं. चौकटीच्या कडेला
एक केस पडला होता, पांढरा, चकचकीत,
माझ्या दाढीतला असेल तर तरुणपणीचा.
रापेलांगनं तो दोन बोटांत धरला, दिव्याकडं नेला,
ओढला, चोळला.
तो लोकरीच्या शेडमध्ये प्रत ठरवायचं काम करतो,
वीस वर्षं.
करडाचा, म्हणाला. मोहेर. पहिल्याच कातरणीचा.
एवढा बारीक आमच्या वाड्यात नसतो,
वरच्या खोऱ्यातला असणार.
आणि सांगता सांगता थांबला,
कारण हिशेब त्यालाही लागला होता:
केस टोकाला चिकटलेला, टोक जड,
पत्ती बिचारी सुरातच होती.

आता उलटं करायचं. रिव्हेटजवळ खरवडायचं,
मुळाशी पातळ केलं की सूर उतरतो.
हात जरा थरथरत होते.
खरवडत असताना मी बोललो,
चूक माझी. शेंड्याला कापलं, आता बुडख्याला कापतोय.
दहा वर्षांची पत्ती सहा वर्षं चालेल.

तो बराच वेळ तट्टाकडं बघत राहिला.
मग म्हणाला, आमच्यातही कातर लागते बकरीला कधी.
जांभळं औषध लावतो.
मालकाला सांगतो, नाहीतर
रात्री त्याला कुंपणाशी रक्त दिसतं.

सूर बसला. लाटा नाहीत.
मी साठ मलोटी ठरवले होते,
त्यानं तीस ठेवले, मी मोजले नाहीत.
घोंगडी बांधली, टोपी कानांवर ओढली
आणि चढणीला लागल्यावर,
तट्टाच्या चालीवर,
काळी दोन एकटीच वाजवत गेला,
उघडताना, मिटताना, उघडताना.
माझी परीक्षा होती की त्याची करमणूक,
कळलं नाही.

केस कानशीच्या डबीत आहे.
कुणी विचारलं तर सांगतो,
मापाचा आहे.